हाताच्या आधी पाय

अमरावती जिल्ह्यातल्या शेंदूरजनाघाटसारख्या गावात सॉफ्टबॉल येतो तो शाळेच्या वाटेनं. क्रीडाशिक्षकांच्या कपाटात मोजके बॉल, एक-दोन बॅट, कॅचरचा मास्क आणि सगळ्यांना न पुरणारे ग्लोव्ह असतात. मैदान एकच, तिथंच कबड्डी, तिथंच खो-खो आणि तिथंच २६ जानेवारीची कवायत. तरीही नऊ जणींचा संघ उभा राहतो. धावणाऱ्या पोरी गावात भरपूर, झेल घेणाऱ्याही सापडतात, बॅट तर प्रत्येकीलाच फिरवायची असते. अडतं ते पिचरपाशी. मग जिचा दगड चिंचेच्या शेंड्यापर्यंत जातो तिला मध्ये उभं करतात, आणि पहिल्या दिवसापासून बाजूनं एकच ओरड सुरू होते : "जोर लाव वं, जोर लाव!"

मला सांगायचं आहे ते या ओरडीच्या अगदी उलट. बारा ते सोळा वयाच्या पिचरला जोर लावायला सांगणं आधी बंद करा. तिच्या बॉलला जो वेग येतो तो हातात तयार होत नाही. मागच्या पायानं जमीन रेटल्यावर तो सुरू होतो, कमरेतून वर चढतो आणि शेवटी हातातून बाहेर पडतो. म्हणून दुरुस्तीही त्याच क्रमानं करायची. आधी पाय, मग कंबर, मग खांदा आणि बोटं सगळ्यांत शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. बॉल उंच गेला की मनगटाला दोष, बॉल संथ गेला की दंडाला दोष. आणि पोरगी बिचारी महिनोन्महिने मनगट झटकत बसते.

बॉलचं माप आणि अंतर

सॉफ्टबॉलच्या बॉलचा घेर १२ इंच, म्हणजे सुमारे ३० सेंटीमीटर, आणि वजन १७८ ते १९८ ग्रॅम. महिला क्रिकेटचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो. म्हणजे सातवीतली मुलगी क्रिकेटच्या चेंडूपेक्षा बराच मोठा आणि जड गोळा छोट्याशा पंजात धरते आहे. तो निसटू नये म्हणून ती तळहात चिकटवून घट्ट पकडते. पकड घट्ट झाली की मनगट आवळतं, मनगटामागे कोपर आणि कोपरामागे खांदा. सगळा हात लाकडासारखा ताठ होतो तो इथून. मोठ्या खेळाडू दोन किंवा तीन बोटांवर बॉल धरतात, त्यांची नक्कल लहान पंजाच्या मुलीनं करू नये. तिनं चार बोटं शिवणीवर आडवी ठेवावीत, अंगठा समोरच्या शिवणीवर, आणि तळहात व बॉल यांच्यामध्ये थोडी फट राहू द्यावी. बॉल दुसऱ्या हातानं हळूच ओढला तर सुटून यावा, एवढीच पकड हवी.

आंतरराष्ट्रीय महिला सामन्यात पिचरची प्लेट होमप्लेटपासून ४३ फुटांवर, म्हणजे १३.११ मीटरवर असते. अमेरिकेत दहा वर्षांखालच्या मुली ३५ फुटांवरून आणि ११ इंची लहान बॉलनं पिचिंग करतात, बारा वर्षांखालच्या ४० फुटांवरून, आणि मग कुठं ४३. आपल्या शाळांत लहान बॉल मिळणं कठीण, पण अंतर कमी करणं तर आपल्या हातात आहे. नव्या मुलीला २० फुटांवर उभं करा. तिथून दहातले सात बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये सहज जाऊ लागले की तीन फूट मागे न्या. लांबून फेकायला लावलं की ती पोचवण्यासाठी वाकते, हात आखडते, आणि तीच सवय मुरते. एकदा मुरलेली सवय मोडायला नवी शिकवण्यापेक्षा किती तरी जास्त वेळ जातो, हे कुठल्याही क्रीडाशिक्षकाला विचारा.

गोफणीकडे बघा

पिचिंगची विंडमिल पद्धत, म्हणजे हात पुढून वर, डोक्यावरून मागे आणि मागून खाली असा पूर्ण फेरा, कशी चालते हे समजायला वऱ्हाडातल्या माणसाला पुस्तक नको. ज्वारीवर पाखरं बसायला लागली की राखणदार गोफण फिरवतो ते आठवा. तो दंडाच्या जोरावर दगड फेकत नाही. पाय रोवतो, अंगाला झोल देतो, दोर मोकळा फिरू देतो आणि नेमक्या क्षणी एक टोक सोडतो. दोराच्या जागी काठी बांधली तर तोच माणूस तोच दगड अर्ध्या शेतापर्यंतही पोचवू शकणार नाही. पिचरचा हात हा दोर आहे. तो जितका सैल, तितका टोकाचा वेग जास्त.

हे नुसतं सांगून मुलीच्या अंगात उतरत नाही, कारण जोर लावणं म्हणजे स्नायू आवळणं असंच आपल्याला वाटतं. त्यासाठी एक सोपी परीक्षा. तिला बॉलशिवाय, डोळे मिटून, हात चार-पाच वेळा गोल फिरवायला सांगा आणि तुम्ही तिच्या खांद्यावर हलका हात ठेवा. खांदा कानाकडे चढत असेल, मानेच्या शिरा ताठ होत असतील, तर बॉल हातात आल्यावर काय होत असेल ते कळेलच. खांदा खाली, जबडा सैल, श्वास सोडत फेरा. जबडा सैल ठेवायला सांगण्याचा उपयोग फार होतो. दातओठ खाऊन कुणालाही हात मोकळा ठेवता येत नाही.

पायांपासून सुरुवात

मैदानावर चुन्याची एक सरळ रेघ ओढा, पिचरच्या प्लेटच्या मध्यापासून होमप्लेटच्या मध्यापर्यंत. प्लेट नसेल तर २४ इंच लांब आणि ६ इंच रुंद फळी जमिनीत बसवा, तिचं खरं माप तेच आहे. ही रेघ रोज नव्यानं ओढायची. पुढचा अर्धा सराव याच रेघेवर होणार आहे.

मुलगी उजव्या हाताची आहे असं धरून लिहितो. डावखुरीनं सगळं उलट समजावं. दोन्ही पाय प्लेटला टेकलेले, उजवा थोडा पुढे, वजन त्यावर. हात एकत्र आणून नियमातला विराम घ्यायचा आणि मग उजव्या पायानं प्लेटला मागे ढकलून डावा पाय रेघेवर पुढे टाकायचा. 'पाऊल टाक' असं सांगितलं तर मुली चालल्यासारखं पाऊल टाकतात. 'प्लेट मागे लोट' असं सांगितलं की अंग आपोआप पुढे झेपावतं. पाऊल किती लांब हवं? सुरुवातीला तिच्या उंचीच्या पाऊण हिश्श्याइतकं पुरे. पायात ताकद येईल तसं ते वाढेल. तयार खेळाडूंचं पाऊल जवळजवळ स्वतःच्या उंचीएवढं जातं, पण ते ओढूनताणून मागायचं नाही.

डावा पाय टेकतो तो कसा, यावर फार काही अवलंबून आहे. चवडा पूर्ण समोर नको आणि पूर्ण आडवाही नको. रेघेशी साधारण ४५ अंशांत, तिसऱ्या बेसच्या बाजूला कललेला हवा. पाय रेघेच्या पलीकडे उजवीकडे पडला तर कंबर हाताच्या वाटेत येते आणि हाताला कमरेला वळसा घालून यावं लागतं. रेघेच्या फार डावीकडे पडला तर अंग बाजूला कलतं आणि जोर वाटेतच सांडतो. नियमाप्रमाणे पाऊल प्लेटच्या २४ इंच रुंदीच्या आतच पडायला हवं, त्यामुळे ही रेघ पंचांपासूनही तिला वाचवते. टेकल्यावर पुढचा गुडघा किंचित वाकलेला पण घट्ट राहावा. तो खाली बसला की पायातून वर आलेला वेग तिथंच मुरतो. गाडीनं ब्रेक मारला की आतला माणूस पुढे फेकला जातो, तसा पुढच्या पायानं ब्रेक मारला की वरचं अंग आणि हात वेगानं पुढे येतात.

मागचा पाय प्लेट सोडल्यावर जमिनीवर अंगठ्याच्या बाजूनं घासत पुढे यायला हवा. इथं आपल्या भागात एक खास अडचण आहे. काळी माती. पावसाळ्यात ती बुटाला धरते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पाय घासत आणायचा तर तो कुठं तरी अडकतो. मग मुलगी पाय उचलते, मध्येच टेकवते आणि तिथून पुन्हा रेटा देते. याला क्रो-हॉप म्हणतात, आणि पंचांनी पाहिला तर तो अवैध पिच ठरतो. मुलीचा दोष नसताना मातीमुळे लागलेली ही सवय जिल्हा स्पर्धेत महागात पडते. उपाय स्वस्त आहे : प्लेटपुढचा आठ-दहा फुटांचा पट्टा खणून त्यात बारीक मुरूम टाका, पाणी मारा, धुम्मसानं ठोका. एवढं केलं तरी निम्म्या मुलींचा पाय सुधारलेला दिसेल. कॅनव्हासच्या बुटाचं टोक घासून पंधरा दिवसांत फाटतं. त्यावर चांभाराकडून जुन्या चामड्याचा तुकडा आधीच शिवून घ्यावा. बूट फाटेल म्हणून घरी बोलणी बसू नयेत यासाठी पाय उचलणाऱ्या मुली असतात.

कंबर उघडते, मिटते

हात डोक्यावर पोचतो तेव्हा अंग तिसऱ्या बेसकडे उघडलेलं असतं. पुढचा पाय टेकण्याची वेळही हीच, हात वर असताना किंवा मागे उतरायला नुकताच लागला असताना. पाय उशिरा टेकला तर हात अर्धा खाली आलेला असतो आणि मग सगळी भिस्त दंडावर पडते. 'हात वर, पाय खाली' हे शब्द मुलीला पाठ करू द्या, तोंडानं म्हणत फेकू द्या.

यानंतर कंबर मिटायला लागते. किती मिटावी यावर शिक्षकांत मतभेद आहेत. दार आपटून लावावं तशी कंबर पूर्ण समोर आणायला शिकवण्याची पद्धत जुनी आहे, अजूनही चालते. मला ती पटत नाही. बॉल सुटण्याच्या क्षणी कंबर पूर्ण समोर आली की उजवं हाड हाताच्या वाटेत उभं राहतं. कंबर अर्धी मिटलेली असताना बॉल सुटावा, उरलेली ती आपोआप मिटते. वेगवान पिचरचं चलचित्र संथ गतीनं पाहा, बॉल सुटताना तिच्या बेंबीचा रोख कॅचरच्या आणि तिसऱ्या बेसच्या मधोमध दिसेल.

पाठ ताठ ठेवायची, छाती पुढच्या गुडघ्यावर झुकवायची नाही. लहान मुलींत सर्वांत जास्त दिसणारा दोष हाच आहे. बॉल पोचवायच्या घाईत डोकं पुढे जातं आणि हाताला खालून यायला जागाच उरत नाही. ग्लोव्हचा हातही पाहा. तो बाजूला पंख्यासारखा फिरत असेल तर अंग त्याच्यामागे फिरतं. तो समोर जाऊन सरळ छातीजवळ यावा.

आता हात

इतकं जमल्यावर हाताकडे यायचं. तेव्हा लक्षात येतं की हाताच्या तक्रारी निम्म्या उरल्याच नाहीत.

फेरा एका उभ्या पातळीत फिरावा, कानाजवळून वर आणि कमरेजवळून खाली. कोपर किंचित वाकलेलं असावं, कुलूप लावल्यासारखं सरळ नको. खाली येताना आधी दंड बरगड्यांजवळ येतो आणि मंदावतो. त्या मंदावण्यातून कोपराखालचा हात एकदम वेग घेतो. त्याच वेळी त्याची आतली बाजू कमरेला हलकी चाटून जाते. तिथं हलका स्पर्श होणं चांगलं लक्षण आहे. नियमाचंही तेच म्हणणं आहे : बॉल सोडताना पंजा कमरेखाली हवा आणि मनगट कोपरापेक्षा अंगापासून लांब नको. मुलीला दुखत असेल, निळे डाग पडत असतील, तर मात्र कंबर फार मिटते आहे असं समजावं आणि परत मागच्या पायरीवर जावं.

मनगटाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. गुडघ्यावर बसून नुसतं मनगट शंभर वेळा झटकण्याचा जो सराव बऱ्याच मैदानांवर चालतो, तो बंद करावा. मनगट सैल असेल तर कमरेजवळ ते स्वतःच फिरतं. वेगळं झटकायला शिकवलं की मुलगी बॉल सोडण्याआधी हात आवळते, आणि इतका खटाटोप करून मिळवलेला वेग तिथं कापला जातो. तसंच, बॉल सुटल्यावर कोपर नाकासमोर उचलून थांबायला लावण्याची रीतही सोडावी. हात सुटल्यावर जिथं जाईल तिथं जाऊ द्यावा, अंगासमोरून, कोपर वाकलेलं, सैल. वेगानं येणारा हात मध्येच थांबवला की सगळा भार खांद्याच्या पुढच्या भागातल्या कंडरेवर येतो.

बॉल उंच जात असेल तर तो उशिरा सुटतो आहे, खाली आपटत असेल तर लवकर. पण 'लवकर सोड', 'उशिरा सोड' असं सांगून काही होत नाही, तो क्षण इतका लहान असतो की विचार करून पकडताच येत नाही. पाय कधी टेकला ते पाहा. पाठ पुढे वाकली का ते पाहा. कारण तिथं सापडेल.

भिंत, बारदान आणि मोबाइल

सरावाला कॅचर नसली तरी चालतं. शाळेच्या भिंतीवर एक बारदान लटकवा, त्यावर चुन्यानं १७ इंच रुंद चौकट काढा. होमप्लेटची रुंदी तेवढीच असते. चौकटीची उंची समोर उभ्या असलेल्या मुलीच्या बगलेपासून गुडघ्यापर्यंत. बॉल कमी असतील तर जुन्या मोज्यांचे गोळे करून सुतळीनं घट्ट बांधा. नवी हालचाल शिकताना मोज्याचा गोळा खऱ्या बॉलपेक्षा चांगला, कारण तो कुठं गेला याकडे मुलीचं लक्ष जात नाही आणि खांद्यावर भारही नाही.

पहिला सराव भिंतीपासून दहा फुटांवर, पाय आधीच फाकवून तिसऱ्या बेसकडे तोंड करून उभं राहायचं, बॉल डोक्यावर, ग्लोव्ह समोर. तिथून फक्त खाली येणं आणि सोडणं. हा जमला की दोन पावलं चालत येऊन त्याच लयीत फेकायचं. चालण्यामुळे हात आणि पाय यांची वेळ जुळते आणि ताठपणा जातो. मग प्लेटवरून अर्ध्या अंतरावर. पूर्ण अंतर सरावाच्या शेवटी, थोडेच बॉल.

मोबाइलवर संथ गतीचं चित्रण होतं, त्याचा उपयोग करून घ्या. एकदा बाजूनं, तिसऱ्या बेसच्या अंगानं. एकदा पाठीमागून, रेघ दिसेल असं. चार ठिकाणी चित्र थांबवून पाहायचं : हात डोक्यावर असताना, पुढचा पाय टेकताना, बॉल सुटताना आणि सुटून गेल्यावर. मुलीला आधी स्वतःला पाहू द्या, तुम्ही नंतर बोला. आणि एका वेळी एकच गोष्ट सांगा. पाय सुधारायचा आठवडा असेल तर त्या आठवड्यात हाताबद्दल एक शब्दही नको, मग बॉल कुंपणापलीकडच्या संत्र्याच्या बागेत गेला तरी चालेल. नवी हालचाल शिकताना नेम काही आठवडे बिघडतोच. पालकांना हे आधी सांगून ठेवावं, नाहीतर 'पहिलं बरं फेकत होती' म्हणून सगळं जुन्यावर येतं.

ताकदीसाठी आपल्याकडे घरचीच विद्या आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९१४ पासून व्यायामाची परंपरा जपली आहे. वैद्य बंधूंनी रुजवलेल्या या संस्थेचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. वऱ्हाडातल्या कित्येक शाळांचे क्रीडाशिक्षक तिथल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात घडले. पिचरला हवी ती ताकद याच परंपरेतल्या बैठका, सूर्यनमस्कार आणि दोरीचा मल्लखांब यांतून मिळते : पाय, कंबर, पाठ. त्यात एका पायावर तोल सांभाळून बसणं-उठणं घाला. खांद्याच्या मागच्या स्नायूंसाठी सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधून हलके हलके ओढायची. चौदा वर्षांच्या मुलीला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

मोजणारी वही

खालून फेकल्यानं खांद्याला काही होत नाही, असं पुष्कळ जण मानतात. हा समज खोटा आहे. १९९८ साली बॅरेंटाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ विंडमिल पिचरचं मोजमाप केलं, तेव्हा खांद्याचा सांधा बाहेर ओढणारा ताण शरीराच्या वजनाच्या जवळपास पोचलेला आढळला. २००९ च्या एका अभ्यासात विंडमिल पिचिंगमध्ये दंडाच्या पुढच्या स्नायूवर वरून फेकण्यापेक्षा जास्त भार दिसला. खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखतं ते म्हणूनच. त्यात या वयात हाडांची टोकं अजून वाढत असतात, आणि वाढतं हाड अतिवापर सहन करत नाही.

अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकांनी मुलींसाठी सुचवलेली मर्यादा अशी : ८ ते १० वयाला एका सामन्यात ५० पिच, १० ते १२ ला ६५, १३-१४ ला ८० आणि १५ च्या पुढे १००. दोन दिवस सलग पिचिंग झालं की तिसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांती द्या. जपानच्या युकिको उएनोनं २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये दोन दिवसांत ४१३ बॉल टाकून सुवर्ण मिळवून दिलं, आणि २०२१ मध्ये टोकियोला ३९ व्या वर्षी पुन्हा सुवर्ण जिंकलं. ते थोरच आहे. पण बीजिंगमध्ये ती २६ वर्षांची, वर्षानुवर्षं तयारी केलेली खेळाडू होती. तो आकडा सांगून आठवीतल्या मुलीला 'आणखी एक सामना टाक' म्हणणं हा अन्याय आहे.

आपल्याकडे धोका सामन्यांच्या रचनेत आहे. जिल्हा आणि विभागाच्या शालेय स्पर्धा एक-दोन दिवसांत उरकायच्या असतात. संघ जिंकत गेला की एकाच दिवशी तीन सामने येतात आणि पिचर एकच असते. म्हणून पहिल्या महिन्यापासून दोन मुली तयार करा, शक्य असेल तर तीन. दुसरी थोडी संथ असेल, पण पहिल्या सामन्यात आघाडी मिळाल्यावर तिला उतरवलं की तिचाही अनुभव वाढतो आणि पहिलीचा खांदाही वाचतो. राखीव बसलेल्या एका मुलीच्या हातात वही द्या. प्रत्येक पिचला एक रेघ, पाच झाल्या की आडवी रेघ. सरावातले बॉलही त्यात धरायचे, आणि सामन्याआधी हात गरम करायला टाकलेलेही.

या वहीत आणखी एक नोंद हवी, ती शहरातल्या पुस्तकात सापडणार नाही. वरुड तालुक्यात संत्र्याची तोड सुरू झाली की घरातल्या सगळ्यांचे हात लागतात. मुलगी शाळेआधी कॅरेट उचलून आली असेल, कापूस वेचून आली असेल, तिनं कलमांच्या वाफ्यांना डोक्यावरून पाणी आणून घातलं असेल, तर तिच्या खांद्यानं दिवसाचं काम आधीच केलं आहे. त्या दिवशी तिला पायांचा आणि मोज्याच्या गोळ्याचा सराव द्या. घरकामाबद्दल तिला विचारायचं ते मोकळेपणानं, हजेरी घेतल्यासारखं नाही.

फेकताना खांद्याच्या पुढे टोचलं, कोपराखाली हाड दुखलं किंवा कमरेत कळ आली की त्या दिवशीचं पिचिंग तिथंच थांबवायचं. दुखऱ्या जागी तेल चोळून पुन्हा मैदानात पाठवू नका. चार-पाच दिवस विश्रांती घेऊनही दुखणं राहिलं, रात्री झोपमोड होऊ लागली किंवा हात डोक्यावर नेताना अडखळू लागला, तर वरुडला किंवा अमरावतीला हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं आणि काय फेकते, किती फेकते हे त्या वहीसकट सांगावं.

वर्षाचं गणित आपल्या हवामानाला धरून बसवावं. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ फेकीची पद्धत बदलण्यासाठी उत्तम, कारण मैदान कोरडं असतं, ऊन सौम्य असतं आणि शालेय स्पर्धा बहुधा आटोपलेल्या असतात. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा आणि ऊन दोन्ही वाढतात, तेव्हा सकाळी आठच्या आत जे होईल तेवढंच. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. त्या दिवसांत पिचिंग पूर्ण बंद, हवं तर घरी बैठका आणि ट्यूब. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पहिले दोन आठवडे पुन्हा दहा फुटांवरून, मोज्याच्या गोळ्यापासून सुरुवात करायची, कितीही तयार मुलगी असली तरी. मैदानात चिखल असेल तेव्हा वऱ्हांड्यात पायांची आणि फेऱ्याची वेळ जुळवून घ्यावी. स्पर्धा तोंडावर आली की काहीही नवीन शिकवायचं नाही.